चादरीवरची निळी बोटं

"उमटली! परत उमटली!" चिंगी किंचाळली.

मावशीच्या लाँड्रीत सुट्टीला आलेली ताई, लंबू आणि चिंगी ही तिन्ही भावंडं टेबलाभोवती गोळा झाली. वाफेच्या खोलीतून आली तेव्हा चादर पांढरीशुभ्र होती. आता गार होता होता तिच्यावर काळपट निळी बोटं उगवत होती. आधी एक, मग तीन, मग चार! आणि चादरीला कुणी हातही लावत नव्हतं. तिघांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हॉस्पिटलच्या चादरी या," इस्त्रीवाले काका दारातून पुटपुटले. "कुणीतरी मागोमाग आलंय."

मावशीला भूतबीत पटत नव्हतं. तिचा सगळा राग खळ घालणाऱ्या आक्कांवर निघाला. "हात न धुता काम करता! उद्यापासून येऊ नका!"

बारा वर्षं इथे राबलेल्या आक्का मान खाली घालून टॉवेल पिळत राहिल्या. ताईला फार वाईट वाटलं.

"लंबू, टॉवेल बघ. एकावरही डाग नाही!"

"त्यांना खळ नसते ना. भुताला कडक कपडेच आवडत असतील!"

"गप रे! पण खरंच, खळीतच गोम आहे." ताईचे डोळे चमकले. "खळ म्हणजे पिष्ट. ग्लुकोजच्या मण्यांची माळ, स्प्रिंगसारखी वळलेली. कापसाच्या सेल्युलोजमध्येही ग्लुकोजचेच मणी, पण माळ सरळ, म्हणून टॉवेल निळे होत नाहीत. आयोडीन त्या स्प्रिंगमध्ये शिरलं की निळं-काळं दिसतं. तापवलं की निसटतं, गार झालं की पुन्हा शिरतं!"

"म्हणजे भुताच्या बोटांना आयोडीन लागलंय?" चिंगी कुजबुजली.

खळीत बुडवलेला एक गार रुमाल घेऊन तिघं वाफेच्या खोलीत शिरली. समोरचं काही दिसत नव्हतं. दोरीवरच्या चादरी वारा नसताना हलत होत्या. अचानक वाफेतून दोन तपकिरी हात पुढे आले आणि त्यांनी एक चादर ओढून घेतली! चिंगीने लंबूचा शर्ट घट्ट पकडला.

तरीही ताईने रुमाल पुढे केला. "एवढा... एवढा धरता का?"

हातांनी रुमाल धरला. पाहता पाहता त्यावर निळी बोटं उमटली.

"अगं आई गं!" भूतच ओरडलं. ते इस्त्रीवाले काका होते!

वाफेने त्यांची बोटं फुटली होती, म्हणून ते रोज टिंक्चर आयोडीन लावत. गरम, ओलसर चादरी त्याच बोटांनी काढत. खोलीतल्या उष्णतेत डाग दिसतच नव्हते, त्यामुळे ते आपल्याच बोटांचे आहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"शाबास रे पोरांनो!" मावशी म्हणाली. मग ती आक्कांकडे वळली. तिचा चेहरा पडला होता. "आक्का, चुकलं माझं. न विचारता बोलले. उद्या याल ना?"

आक्कांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि ॲप्रन सोडून मावशीच्या हातात ठेवला.

"उद्या येते. डागाळलेल्या चाळीस चादरी आज तुम्ही धुवा."

मावशीने मुकाट्याने ॲप्रन बांधला.