नावाड्याचा हात

आधी आत डोकावून या, मोठी काकू झोपली का. झोपली? नक्की? मग सांगतो. गोष्ट तिची आहे आणि मी ती सांगितलेली तिला खपत नाही. भुताला मी घाबरतो की नाही ते सोडा, तुमच्या काकूला घाबरतो हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि ते मोबाईल खाली ठेवा. लाईट गेलीये तर जरा अंधारात बसून बघा.

पुलाच्या तोंडाशी तो ब्राँझचा नावाडी उभा आहे ना, तो वहिनीने, म्हणजे तुमच्या मोठ्या काकूने केला, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कसा केला ते ठाऊक नाही.

दोनशे वर्षांपूर्वी इथे पूल नव्हता, नावा होत्या. एक फौज पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. अलीकडचं आपलं गाव लुटायचं होतं. त्यांनी नावाड्याला बोलावलं, आम्हाला पार कर म्हणाले. तो नाही म्हणाला. रात्रीतूनच त्याने आपल्या सातही नावांचे तळ फोडून ठेवले होते. त्याला तिथेच, पाण्याच्या कडेला मारलं. मग फौज अकरा दिवस नदीला उतार शोधत बसली, आणि तेवढ्यात गाव रिकामं झालं. माणसं वाचली. फौजेतल्याच एका कारकुनाने घरी लिहिलेलं पत्र सापडलंय. त्यात लिहिलंय, 'हा माणूस रिकामा हात वर करून उभा राहिला आणि नाही म्हणाला.' बस. त्याचं नावही लिहिलेलं नाही.

त्याचं स्मारक करायचं ठरलं. समिती नेमली गेली, काम वहिनीकडे आलं. तोवर तीस वर्षं ती संस्थापकांचे, मुख्याध्यापकांचे अर्धपुतळे करत होती. घरचे लोक यायचे, म्हणायचे, मिशा जरा दाट करा, टक्कल जरा झाका. ती करायची. हे काम मात्र तिला मनापासून हवं होतं. तिने दोन फुटांचा नमुना केला, उजवा हात वर, तळवा उघडा. समितीने माना डोलावल्या. मग लाकडाच्या वखारीमागच्या शेडमध्ये नऊ फुटांची माती चढायला लागली. आधी माती, तिच्यावरून साचा, मग मेण, मग ब्राँझ, असं ते काम. नुसत्या मातीतच दोन वर्षं गेली.

माती पूर्ण होत आली आणि समितीचे अध्यक्ष बघायला आले. पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "बाई, हा तर ट्रॅफिक पोलीस दिसतोय."

वहिनी ओलं फडकं पिळत राहिली.

"हातात तलवार द्या."

"त्याच्याकडे तलवार नव्हती."

"अहो, दोनशे वर्षांपूर्वीचं बघायला कोण गेलंय? तलवारीशिवाय वीर वाटत नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. दुसरे एक जण आहेत, ते पंधरा दिवसांत उभा करून देतात."

त्या संध्याकाळी वहिनी ताटावरून तशीच उठली. मला म्हणाली, "भावजी, दोन वर्षं घातलीत मी याच्यात. दुसऱ्याच्या हातात कसा देऊ?"

आणि मी काय बोललो, ते ऐका. मी म्हणालो, "घालून टाका तलवार, वहिनी. मेलेला माणूस काय तक्रार करणार आहे?"

तिने तलवार घातली. आत लाकडाची पट्टी, वरून माती. उघड्या तळव्याची मूठ केली, बोटं नीट वळवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर तलवार जमिनीवर. मूठ उघडलेली.

तिला वाटलं, वजन पेललं नाही. मग हाताच्या आत जाड सळई घातली. सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मुठीला तारेने बांधलं, शेडचं कुलूप बदललं, किल्ली उशीखाली घेऊन झोपली. तरी तेच. तार सुटून खाली पडलेली. आणि मी स्वतः पाहिलंय, बोटांवर एक तडा नव्हता. ओली माती कुणी जोर लावून उघडली तर तिला तडा जातोच. ही जशी काही आपणहून उघडली होती.

ती मला म्हणाली, "कुणीतरी खोड्या काढतंय." पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

एकोणीस एप्रिल, शुक्रवार. तारीख लक्षात आहे कारण त्या आठवड्यात उन्हाने कहर केला होता. दादा कामासाठी परगावी. सोमवारी अध्यक्ष पुन्हा बघायला यायचे होते. वहिनीने चौथ्यांदा मूठ वळवली होती आणि घरी येऊन पडली होती. पण डोक्यात एकच, माती वाळतेय. माती वाळली की फुटते, तिला सारखं ओलं फडकं लागतं, तापातल्या माणसासारखं. रात्री साडेअकराला ती उठली, पाणी फवारायचा छोटा पंप घेतला आणि स्कूटर काढली. म्हटलं तर दहा मिनिटांचं काम.

वखार बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने शटर वर केलं, ट्यूब लावली. भुताच्या गोष्टीत लाईट जाते ना? इथे गेली नाही. लख्ख उजेड होता. तेच वाईट.

ती पुतळ्याभोवती बांधलेल्या परांचीवर चढली. खांद्यांवरचं प्लास्टिक काढलं, पाणी मारायला लागली. पावणेबारा झाले असतील.

पच्…

तिने पंप थांबवला. वाटलं, कुठेतरी ठिबकतंय.

पच्…

तीस वर्षं मातीत हात घातलेली बाई. हा आवाज तिला ओळखायला वेळ लागत नाही. ओल्या मातीवर बोट दाबलं की होतो तो आवाज. आणि तिचे दोन्ही हात पंपावर होते.

उजव्या मुठीवर ओलं फडकं होतं. त्याखाली… काहीतरी हललं.

आधी करंगळी. फडकं तिथे जरासं उचललं गेलं. मग शेजारचं बोट. मग मधलं. घाई नाही. एकेक.

फडकं सरकून खाली पडलं.

मग तलवार.

फरशीवर आवाज झाला… आणि मग कसलाच नाही.

मी असतो तर परांचीवरून उडी मारून पळत घरी आलो असतो. स्कूटर आणायला सकाळी गेलो असतो, तीही चार माणसं घेऊन. वहिनी खाली उतरली. भीती वाटली का? मी विचारलं होतं तिला. म्हणाली, "वाटली की. पण राग जास्त आला."

ती पुतळ्यासमोर उभी राहून ओरडली, "चौथी वेळ आहे ही! मला हौस आहे का? तलवार त्यांना हवीये, मला नकोय!"

तिने तलवार उचलली. पुन्हा वर चढली. उघड्या तळव्याशी नेली.

आणि तिची स्वतःची बोटं…

हसू नका. ऐका. तिची स्वतःची बोटं उघडायला लागली. कुणीतरी उघडत होतं. दिसत काही नव्हतं. फक्त गार स्पर्श. लहान मुलाच्या हातातून आपण सुरी काढून घेतो ना… तसं. हळू. दुखू न देता. अंगठा… पहिलं बोट…

तलवार खाली पडली.

ती तशीच उभी. हात पुढे. रिकामा.

 मग ती बोलली. आता ओरडून नाही.

"तुमचं सोपं होतं," ती म्हणाली. "तुम्ही एकदा नाही म्हणालात आणि सुटलात. मला सोमवारी नाही म्हणायचंय. मग मंगळवारी. मग याच गावात राहायचंय, ह्याच लोकांकडे कामं मागायचीयेत."

काही नाही… ट्यूबची गुणगुण तेवढी.

"ठीक आहे. म्हणते मी. पण मग तुम्ही जायचं नाही. मी नाही म्हणेन तेव्हा माझ्या पाठीशी उभं राहायचं. कबूल असेल तर सांगा, नसेल तर ही माती मी आत्ता इथेच पाडते!"



मग तिच्या मागची परांचीची फळी… वाकली. माणूस चढल्यावर वाकते तशी.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मातीचा गोळा घेतला आणि तळवा नव्याने करायला लागली.

सकाळी साडेसहाला मी शेडवर पोचलो, फोन उचलत नव्हती म्हणून. तलवारीची करवतीने तीन खांडं केलेली, कोपऱ्यात टाकलेली. वहिनी कोपरापर्यंत मातीने भरलेली. आणि तो हात… ती नेहमी कुणाचा तरी हात समोर धरून काम करते, दादाचा नाहीतर माझा. हा कुणाचाच नव्हता. वल्ह्याने घट्टे पडलेला, रुंद.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, दोन चहा आणा."

मी म्हटलं, "मला नको, मी पिऊन आलोय."

"तुम्हाला कोण देतंय?"

मी गुपचूप दोन आणले.

सोमवारी अकरा वाजता अध्यक्ष आले. मी होतो तिथे. वहिनी पुतळ्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"तलवार कुठे गेली?"

"नाही घालणार."

"बाई, समितीचा निर्णय आहे."

"समितीला सांगा, नाही. नमुना तुम्ही पाहिला होता, पसंत केला होता. त्यांच्या हातात काही नव्हतं म्हणूनच त्यांचा पुतळा करतोय आपण. तलवार हवी असेल तर तलवारीचा पुतळा करा, माणूस कशाला मध्ये घेता?"

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला ह्या गावात परत काम मिळणार नाही, एवढं मी…"

आणि थांबले. वहिनीच्या खांद्यावरून मागे बघत होते. मीही पाहिलं. मागे पुतळा, त्याच्यामागे भिंत. दुसरं काही नाही. आईशप्पथ, मला काही दिसलं नाही.

"राहू दे," अध्यक्ष म्हणाले. आवाज पार बसलेला. "हात… उघडाच राहू दे."

त्यांचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. त्याने नंतर सांगितलं, साहेब गाडीत बसले आणि एकच विचारलं, बाईंच्या मागे तो ओलाचिंब माणूस कोण उभा होता?

काम मिळायचं बंद झालं का? झालं, वर्षभर. वहिनीने तेही निभावलं. आणि परत कामं आली तेव्हा तिने कुणाच्या मिशा दाट केल्या नाहीत.

संपली? नाही. थोडी राहिलीये. जवळ या, ती जागी व्हायला नको.

पुतळा उभारून सात वर्षं झाली. ब्राँझ उघड्यावर राहिलं की काळवंडतं, हिरवट होतं. जिथे रोज हात लागतो तेवढाच भाग चकाकत राहतो, जिन्याच्या कठड्यासारखा. गेल्या महिन्यात नावाड्याला मेण लावायचं होतं. नगरपालिकेची शिडीची गाडी आली, वहिनी आणि मी वर गेलो. चौथरा धरून जमिनीपासून सोळा फूट. तिथे पोचायचं तर शिडीच लागते, आणि ती सात वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

सगळा पुतळा काळा-हिरवा. डोकं, खांदे, दंड.

तळव्यावर मात्र एक जागा झळझळत होती. घासून घासून सोन्यासारखी झालेली. पुतळ्याचा तळवा केवढा मोठा… ही जागा त्याच्या निम्मी.

वहिनीने आपला हात तिच्यावर ठेवून पाहिला. मोठी होती तिच्या हातापेक्षा.

पाच बोटं होती. स्पष्ट.