शेवटच्या थांब्यापुढचं पाणी

माझ्या लेकीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं आणि मला सांगितलं. मोठा थाटमाट करायचा नाही, चार माणसांत सह्या करायच्या आणि मग दोन्ही घरांनी मिळून आठवडाभर नॉर्वेला जायचं, असं त्या दोघांचं मत पडलं होतं.

"डोंगर आहेत तिथं आई, आणि पाणी. शिवाय तुम्ही सगळे एकमेकांना ओळखायला लागाल."

"ओळखायला एवढ्या लांब कशाला? चहाला बोलाव त्यांना," मी म्हटलं. पण ती कुठली ऐकायला!

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यामागे राहायची दुसरी. लेक लहान असतानाच नवरा गेला होता. नवं मी शिवत नसे. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं, फाटलं अस्तर बदलायचं. खिडकीत कुंड्या होत्या, त्यांच्यावर माझा जीव.

एका दुपारी अचानक सर आली आणि तिच्याबरोबर एक गृहस्थ दुकानात शिरले. शिरले ते थेट इस्त्रीच्या कपड्यांपर्यंत.

"अहो, अहो! पाणी गळतंय तुमच्या अंगावरून. तिथंच थांबा. हलू नका!"

ते खरंच थांबले. एक पाय उचललेला होता, तो तसाच अधांतरी.

"हा... खाली ठेवू का?"

"ठेवा."

"उपकार झाले," ते म्हणाले, आणि मला हसू आलं ते मी खडू शोधायच्या निमित्तानं लपवलं.

साठी उलटलेली असावी. केस पांढरे, पण दाट. डोळे मात्र लांबवर बघायची सवय लागलेले. हातावर एक जाड निळा कोट होता. बस चालवायचे, निवृत्त झाले होते. कोट नोकरीतला.

"याला आतून गरम अस्तर लागेल का? लांब जायचंय. उत्तरेला... नॉर्वेला."

माझा हात फितीवरच थांबला. हल्ली लोक फार तिकडं जायला लागले होते, की काय?

"हात वर करा," मी म्हटलं. "एकटेच चाललात?"

"छे! मुलाचं लग्न आहे. त्याची होणारी सासूही येणार. शिवणकाम करते म्हणे. फार कडक आहे, असं ऐकलं."

"कडक म्हणजे?"

"भाव कमी करत नाही."

"आणखी काय ऐकलंत?"

"जीभ कात्रीसारखी आहे म्हणे. आता आठ दिवस एकत्र काढायचे... बघू." त्यांनी सुस्कारा सोडला. मी फीत छातीभोवती घेत होते, ती त्या सुस्काऱ्यानं सैल झाली. ओल्या शर्टाला पावसाचा, साबणाचा आणि थोडा डिझेलचा वास होता. इतक्या वर्षांत किती छात्या मोजल्या, पण कुणाचा वास लक्षात ठेवला नव्हता.

"श्वास सोडू नका. माप चुकतं," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात.

पाऊस थांबला. त्यांनी विचारलं, "न्यायला कधी येऊ?"

"येऊ नका. रविवारी मीच आणते."

"घरपोच? पत्ता लिहून देतो."

"पत्ता आहे माझ्याकडे. रविवारी तुमच्याकडेच बसायचंय ना, सहल ठरवायला?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला, मग दुप्पट परत आला.

"विहीणबाई...?"

"भाव कमी होणार नाही," मी म्हटलं.

रविवारी त्यांच्या घरी टेबलभर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार कप. माझी लेक, होणारा जावई, बरीच वर्षं विधुर असलेले व्याही, आणि त्यांची मोठी बहीण. त्यांना सगळे आत्या म्हणत. त्या अंगानं किडकिडीत होत्या, पण खोलीत सगळ्यांत जास्त जागा त्यांचीच.

"तिथं उन्हाळ्यात वर उत्तरेला सूर्य मावळतच नाही," जावई म्हणाला.

"मग झोपायचं कधी?" आत्या.

"झोप आली की."

"म्हणजे हा दिवसभर झोपणार," आत्यांनी भावाकडे बोट दाखवलं.

व्याह्यांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांचं बोट नकाशावरून गाडीच्या वेगानं सरकत होतं, वळणावर हळू, सरळ रस्त्यावर जरा भरधाव. एका जागी ते थांबलं.

"हे बघा, विहीणबाई. इथं रस्ता संपतो. पुढं नुसतं पाणी. आणि पाण्यापलीकडे तोच रस्ता पुन्हा सुरू."

"मग मधे?"

"मधे बोट. गाडी रांगेत उभी करायची. बोट येते, तोंड उघडते आणि माणसांसकट गाडी तिच्या पोटात." ते लहान मुलासारखे हसले. "आयुष्यभर एकच मार्ग चालवला मी. शेवटचा थांबा आला की गाडी वळवायची आणि परत. रस्ता संपल्यावरही पुढं जाता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांनी माहितीचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मला वाचता यायला लागलं तेव्हा माझी लेक कॉलेजात होती. अजूनही ओळीखाली बोट ठेवावं लागतं. मी चाचरले.

"सावकाश वाचा," ते हळूच म्हणाले. "गाडी सुटत नाहीये."

मग ते दुकानात यायला लागले. कधी बोगद्यांची माहिती सांगायला, कधी मोजे जाड घ्यावेत की दोन जोड, हे विचारायला. एकदा कोटाचं बटण घेऊन आले.

"तुटलं हो."

मी दोरा पाहिला. तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. हे टोक सरळ होतं.

"तुटलं नाही. कापलंय. आणि कात्री बोथट आहे तुमची."

ते खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत राहिले. कान लाल. मी बटण लावून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. भाव न पाडणारी बाई मी... एरवी अशा तोट्यानं जागरण झालं असतं, पण त्या रात्री झोप छान लागली. झोपेतही गालात हसत असावे.

हे सगळं आत्यांच्या नजरेतून सुटणार होतं थोडंच? लग्नाच्या सह्या झाल्या, त्याच दिवशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "नवरा-नवरीपेक्षा व्याही-विहिणीचंच जास्त पटलेलं दिसतंय. तिकडं गेल्यावर फोटो कुणाकुणाचे काढायचे, ते आधी सांगून ठेवा!"

सगळे हसले. व्याही हसले नाहीत. मीही नाही.

मी घरी आले आणि मशीनसमोर नुसती बसून राहिले. आत्यांनी थट्टेत म्हटलं ते खरं होतं, हे मला तेव्हाच कळलं. लेकीचा संसार अजून कच्च्या टाक्यांवर होता. तिच्या सासरी तिच्या आईचं हसं झालं, तर ती काय सांगणार, कुणाला तोंड दाखवणार? आणि सूर्य न मावळणाऱ्या देशात आठ दिवस त्यांच्या शेजारी बसून मी माझा चेहरा कुठं लपवणार? लपायला तिथं अंधारही नाही.

निघायला थोडे दिवस उरले तेव्हा मी लेकीला सांगितलं, "गुडघा धरलाय गं. तुम्ही जाऊन या."

तिनं माझ्याकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. भांडेल असं वाटलं होतं, पण म्हणाली, "बरं."

एवढंच? मला थोडा रागच आला.

ती गेली त्या सकाळी एकटीच निरोप घ्यायला आली. जावई वडिलांकडे गेला होता. आत्या परस्पर विमानतळावर जाणार होत्या. गाडी वळणाआड गेली, आणि माझ्या मनात आलं, या वेळी ते कोट घालून सामान उचलत असतील. गरम अस्तर मीच लावलेलं. जाऊ दे. निदान तेवढी तरी मी जातेय.

दुपारी कुंड्यांमागचा पडदा काढायला मी स्टुलावर चढले होते. दाराच्या कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. दारात व्याही. हातात पाण्याची झारी.

मी पडदा घट्ट धरला.

"तुम्ही... गेला नाहीत?" मी.

"माझी पाठ धरलीय," ते म्हणाले, ताठ उभे राहून. "सूनबाईनं किल्ली दिली. म्हणाली, आई आमच्याबरोबर तिकडं, कुंड्या वाळतील, तुम्ही घरीच आहात तर पाणी घाला." मग त्यांनी वर पाहिलं. "तुमचा काय... गुडघा?"

मी स्टुलावर होते. काय सांगणार!

"लेकीनं तुम्हाला सांगितलं नाही मी राहतेय म्हणून?"

"नाही. आणि माझ्या मुलानं तुम्हाला?"

"नाही."

ते झारी खाली ठेवून खुर्चीत बसले आणि हसायला लागले. इतकं की पाठीचं सोंगही विसरले. "म्हणजे ताईला विमानात दोन्हीकडच्या खिडक्या मिळाल्या!"

मला मात्र हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बघितलं. काही विचारलं नाही. उठून कुंड्यांना पाणी घातलं, अगदी बेतानं, एकही थेंब बाहेर नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"सहल. आठ दिवसांची ठरली होती ना? सुट्टी वाया कशाला घालवायची?"

मग रोज ते यायचे. कापायच्या टेबलावर नकाशा पसरायचे. मी काम करता करता ऐकायची. आज डोंगर, आज धबधबा, आज लाकडी घरांचं गाव. मुलांचे फोन यायचे तेव्हा मी गुडघा चोळत बोलायची आणि ते पलीकडे तोंडावर हात धरून बसायचे.

"आज बोटीचा दिवस," एके सकाळी ते म्हणाले. "कोट घातलाय. चला."

त्यांच्याच जुन्या मार्गाची बस होती. चालकानं त्यांना पाहून हॉर्न वाजवला. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिथून एक खडीचा रस्ता खाली जात होता.

"हजारदा इथनं गाडी वळवली," ते म्हणाले. "खाली काय आहे, कधी गेलो नाही."

आम्ही गेलो. रस्ता उतरत उतरत पाण्यात शिरला आणि संपला. मोठं तळं होतं. पलीकडचा काठ धूसर. भुरभुर सुरू झाली, अंगाला न लागणारी.

त्यांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"विहीणबाई... पाठ दुखत नव्हती माझी. ताई जे बोलली त्यानं तुमची मान खाली गेली, ते मला बघवलं नाही. म्हटलं, आपण नसलो तर तुम्हाला मोकळेपणानं हिंडता येईल."

"आणि मी म्हटलं, मी नसले तर तुम्हाला."

"रस्ता इथं संपतो, बघा."

"पुढं?"

"पुढं... थांबायचं. बोट येते."

"आणि नाही आली तर? माझ्या लेकीच्या संसाराला त्रास झाला तर?"

"तर गाडी मी वळवीन. कुणाला कळणारसुद्धा नाही. रोज बटण मात्र तुटेल, तेवढं चालवून घ्या."

वारा गार होता. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? हा एक खिसा एवढा मोठा कसा? दुसरा तर नीट आहे."

मी पाण्याकडे बघत म्हटलं, "माप चुकलं."

"तुमचं? माप?"

"आयुष्यात एकदाच."

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. मी माझा हात उचलला आणि त्या खिशात, त्यांच्या हाताशेजारी ठेवला. माप बरोबर होतं.

मुलं परत आली त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून दार उघडलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आम्हीच वेडे.

"आई, एकच शंका," लेक चप्पल काढता काढता म्हणाली. "तुम्ही लग्न केलंत, तर माझा नवरा माझा भाऊ लागेल का गं?"

"मग सासरा कोण आणि बाप कोण? माझं तर डोकंच चालत नाही," जावई म्हणाला.

"नात्याचा गुंता झाला तर होऊ दे," आत्या बॅग खाली ठेवत म्हणाल्या. "घरात शिंपीण आहे, सोडवेल."

मी म्हटलं, "आत्या, पण तेव्हा तुम्हीच तर..."

"बोलले. कुणीतरी बोलल्याशिवाय तुम्हा दोघांना कळलं असतं का? आणि एकाचं दुसऱ्याला सांगू नका, हेही मीच पोरांना बजावलं. आता चहा टाका. त्या देशात मला धड अंधार मिळाला नाही आणि धड चहाही."

आम्ही कागदोपत्री काही केलं नाही. नाती मुलांची पहिली, आमचं नंतरचं. ते माझ्या मागच्या खोलीत राहायला आले. पाट्या वाचताना, बातम्या वाचताना माझं बोट ओळीखाली सरकायचं आणि ते वाट बघायचे.

नात दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही सगळे खरंच नॉर्वेला गेलो. आत्याही. रस्ता पाण्यापाशी संपला, आमची गाडी रांगेत उभी राहिली. बोट आली, तिनं तोंड उघडलं. पुढच्या बसच्या चालकानं गाडी आत कशी घातली, ते व्याह्यांनी मान वाकडी करकरून पाहिलं.

"ब्रेक हलकेच सोडला पोरानं," ते म्हणाले. "छान." आणि खिशात माझा हात दाबला.

त्या सहलीच्या दुसऱ्या वर्षी, थंडी सरताना, एका मंगळवारी दुपारी, ते झोपेतच गेले.