तेविसावी ओळ

वळणावरची स्मृतिशिळा उजळून द्यायचं काम आलं, तेव्हा पाथरवटाला बरंच वाटलं. झिजलेल्या अक्षरांतून छिन्नी फिरवायची, काळा रंग भरायचा आणि घरी यायचं. शिवाय शिळा त्याच्या वडिलांनीच कोरलेली. म्हणजे घरचंच काम म्हणा ना.

वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभराची दगडाची धूळ छातीत साचलेली. श्वास घेताना घशात करवत चालावी तसा आवाज यायचा. पाथरवटाचा त्यांच्यावर फार जीव. आई लवकर गेली, तेव्हापासून याच माणसानं त्याला न्हाऊमाखू घातलं, हातात छिन्नी दिली, दोन हलके घाव आणि एक जड हा ठेका शिकवला. नवखेपणी हातोड्यानं स्वतःची डावी करंगळी कशी अर्धी केली, तेही हसत हसत दाखवलं. आता पाथरवट पलीकडच्या खोलीत त्यांचा एकेक श्वास ऐकत पडायचा. पुढचा येईल ना, एवढंच मनात असायचं.

"त्या शिळेवर निघालास?" सकाळी वडिलांनी विचारलं.

"हो. दुपारपर्यंत येतो."

"खालची जागा रिकामी आहे... तिथं छिन्नी लावू नकोस."

"रिकाम्या जागेत काय कोरणार बाबा? माझं कपाळ?"

बायको हसली. वडील हसले नाहीत.

शिळेची गोष्ट पाथरवटाला पाठ होती. डोंगरात बोगदा खणताना छत कोसळलं आणि तेवीस मजूर आत अडकले. तीन दिवस आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. बोगद्याचं तोंड भिंत घालून चिणलं, रस्ता डोंगराला वळसा घालून नेला आणि भिंतीशेजारी शिळा उभी केली. वर तेवीस हा आकडा, खाली नावं मात्र बावीस. वडीलही तेव्हा त्याच बोगद्यावर दगड फोडायला होते आणि त्या दिवशी पाळी खरं तर त्यांची होती. त्यांना ताप भरला, म्हणून फाटकापाशी काम मागत उभ्या असलेल्या एका माणसाला त्यांनी आपल्या जागी आत पाठवलं. हजेरी वडिलांच्याच नावावर लागली. "त्याला साधं नावही विचारलं नाही मी," वडील शेवटी म्हणायचे.

वळणावर धुकं इतकं दाट होतं की शिळेवर हात ठेवूनही अक्षर दिसेना. दुसरा कुणी असता तर आल्या पावली परत गेला असता. पण पाथरवट अक्षर वाचत बसत नाही, चाचपतो. बोटाला खाच लागली की छिन्नी आपसूक चालते. कंबर ताजी असेतोवर बसायचं काम उरकावं, ही वडिलांचीच शिकवण. म्हणून त्यानं बैठक मारली आणि खालून सुरुवात केली. सर्वांत खालची खाच बोटाला लागली. तिच्यात काहीतरी घट्ट बसलं होतं. मळ असेल म्हणून त्यानं ते टोकरून काढलं आणि एकेक अक्षर खोल करत गेला. बाबांची रिकामी जागा याच्याही खाली असणार, असं तो धरून चालला.

त्याच्या घावांचा प्रतिध्वनी डोंगरातून येत होता. भिंतीच्या फटींतून ओल्या मातीचा कोंदट वास सुटला होता. ओळ संपली, त्यानं हात थांबवला.

प्रतिध्वनी थांबला नाही.

ठक्... ठक्... ठक्... एकसारखा, भिंतीच्या आतून.

धुकं जरा विरळ झालं, तेव्हा त्यानं आपण कोरलेलं नाव पहिल्यांदा वाचलं. ते त्याच्या वडिलांचं होतं.

पायाशी राळेत कालवलेल्या दगडाच्या पुडीचे तुकडे पडले होते. चुकलेलं अक्षर बुजवायला पाथरवट हेच वापरतात. यादी हजेरीपटावरून आली, वडिलांनी निमूट स्वतःचं नाव मेलेल्यांत कोरलं आणि नंतर कधीतरी चोरून बुजवलं. मुलानं आज ते उकरून ताजं करून ठेवलं होतं.

भिंतीमागचा आवाज एकदम बंद झाला. पाथरवटानं सुटकेचा श्वास टाकला. आणि मग आतून नव्यानं ठोकणं सुरू झालं. दोन हलके, एक जड.

तो धावतच घरी आला. दारात बायको आनंदानं रडत उभी होती.

"अहो, बाबा उठून बसलेत! स्वतःच्या हातानं पाणी पितायत!"

खाटेवर वडील ताठ बसले होते. चेहरा तोच, सदरा तोच. श्वास मात्र स्वच्छ, बिनआवाजाचा. दोन्ही हातांत पेला धरलेला. डाव्या हाताची करंगळी पुरती होती, नखात ओली माती होती.

"बाबा...?"

"पाणी गोड आहे," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवून त्यानं पाथरवटाकडे पाहिलं. "तू तरी नाव विचारशील?"

पाथरवटानं विचारलं नाही. त्यानं घण उचलला आणि बोगद्याची भिंत फोडायला गेला. चार माणसांनी त्याला धरलं, घण काढून घेतला. आवाज त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हता. तो नुसता भिंतीला कान लावून बसला, "बाबा, आलो... आलोच," म्हणत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोकणं थांबलं.

आता तो पुन्हा आपल्या खोलीत पडून पलीकडचे श्वास ऐकतो. पुढचा येऊ नये, एवढंच मनात असतं.

पण तो येतो.