गॅलरीतला लाल टॉवेल

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मिट्ट काळोख लागतो.

ही गोष्ट भर दुपारची आहे. लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालू होती. आणि ही खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलेली. ताई दवाखान्यात रक्त तपासते. काचेखाली दिसेल तेवढंच मानणारी बाई आहे ती.

ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. माझं काही म्हणणं नाही.

मावशीचं घर बंदराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. अलीकडे त्या गॅलरीतून गाड्यांचं पार्किंग दिसायचं. पण आमच्या लहानपणी गॅलरीखाली एक भिंत आणि भिंतीला लागून थेट समुद्र. भरतीचं पाणी आपटलं की तुषार वरपर्यंत यायचे. त्यामुळे कपडे म्हणून कधी धड वाळायचे नाहीत. शर्टाची कॉलर चाटली तर खारट लागायची. गल्लीत दोरखंडवाला होता, बर्फाचा कारखाना होता. एक न्हावी होता, तो परदेशी खलाशांच्या दाढ्या करता करता पाच भाषांतल्या शिव्या शिकला होता आणि आम्हाला फुकटात शिकवायचा. सुट्टी संपून परत निघताना मी हमखास रडायचो.

मग बंदर दुसरीकडे हलवलं. ट्रकच्या ट्रक माती येऊन पडली. समुद्र मागे सरकत सरकत दिसेनासा झाला. न्हावी गेला, कारखाना गेला. शहर तेच होतं, पण आपलं म्हणावं असं तिथे काही उरलं नाही.

मावशीचे यजमान, आमचे काका, टगबोटीवर होते. टगबोट म्हणजे ती छोटी पण दांडगी बोट, मोठ्या जहाजाला ओढत आणून धक्क्याला लावते ती. घरी यायची वेळ कधी ठरलेली नसायची. म्हणून नवरा-बायकोने आपसात खूण ठरवली होती.

गॅलरीसमोरून जाताना काका भोंगा वाजवायचे. दोन आखूड, एक लांब. म्हणजे, येऊ का?

मावशी कठड्यावर लाल टॉवेल टाकायची. म्हणजे, या, ताट वाढते.

टॉवेल दिसला की काका येणार म्हणजे येणारच. भांडण झालेलं असलं की मावशी मुद्दाम टाकायची नाही. मग काका भोंगा वाजवून वाजवून सगळ्या गल्लीला हसवायचे.

ताई शाळेत होती तेव्हा एका वादळात ती बोट उलटली. काका सापडलेच नाहीत.

मावशीने टॉवेल ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. त्यानंतर त्या कठड्यावर लाल कपडा कधी पडला नाही. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती इमारत पाडायचं ठरलं. ताई मावशीला आपल्या घरी न्यायला आली. ताईचं घर डोंगराच्या पलीकडे, समुद्रापासून चार-पाच तासांवर. मावशी हो-नाही काहीच म्हणेना. ताईने सरळ आवराआवर सुरू केली. ट्रंक रिकामी करताना तळाशी एक टॉवेल निघाला. लाल कसला, विटून पार गुलाबी झाला होता. कुबट वास येत होता.

ताईच्या ध्यानातच आलं नाही.

तिने तो बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला आणि कठड्यावर वाळत घातला.

थोडा वेळ गेला. आणि मग...

खालच्या गाड्यांचा आवाज बंद झाला.

कमी झाला नाही. बंदच झाला. ताईने वाकून पाहिलं. गाड्या तर चालत होत्या. आवाज तेवढा नव्हता.

मग डांबराचा वास आला, पूर्वी दोरखंडवाल्याकडे यायचा तसा. कठड्याचे गज हाताला ओले लागले.

आणि पार्किंगच्या बाजूने...

दोन आखूड. एक लांब.

ताईच्या हातातला चिमटा गळून पडला. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आधी कठड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"तू घातलास?"

"आई, मला... मी विसरले गं."

मावशी रागावली नाही. बांधलेलं खोकं तिने उघडलं, एक ताट काढलं, पुसलं. सकाळचं जे होतं ते वाढलं.

"हे काय करतेस?" ताईने विचारलं.

"इतकी वर्षं बोलावलं नाही. बोलावलं तर येतील हे ठाऊक होतं मला. पण आल्यावर परत पाठवायचं कसं, ते सांग." तिने पाण्याचा पेला भरला. "आता बोलावलंच आहे, तर उपाशी कसं पाठवू?"

जिन्यात पावलं वाजली...

रबरी बुटांची. जड. ओली.

काका बूट नेहमी दाराबाहेर काढायचे. पावलं दाराशी थांबली. एक बूट ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"तू आत जा," मावशी हळूच म्हणाली. "त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा तुला दोन वेण्या होत्या. आता ओळखायचे नाहीत तुला. उगाच वाईट वाटेल त्यांना."

ताई आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. बाहेर फक्त मावशीचा आवाज येत होता. मधे मधे ती थांबत होती, समोरच्याचं ऐकून घेत असावी तशी.

"बसा... हो, पाडणार आहेत... समुद्र? तो लांब गेला हो. तुम्ही आलात तरी कसे एवढे चालत?"

पेला उचलून ठेवल्याचा आवाज आला.

"चांगली आहे. तुमच्यासारखीच हट्टी."

मग मावशी जरा हळू बोलली.

"नाही. आज नाही येत. एकटी पडेल ती."

ताई दाराला टेकून तोंडात ओढणी कोंबून रडत होती. बाहेर जाऊन एकदा बाबांना बघावं, एवढंच तिला वाटत होतं. पण पाय उचलले नाहीत. याचं तिला आजही फार वाईट वाटतं.

गाड्यांचा आवाज परत सुरू झाला तेव्हा ती बाहेर आली. ताट जसंच्या तसं होतं. पेला रिकामा होता. दाराबाहेर दोन ओले ठसे होते. मावशी टॉवेलाची घडी घालत होती.

"चल," ती म्हणाली. "कधी निघायचं?"

आता मावशी ताईकडे असते. इमारत गेली. गेले दोन महिने मावशीने अंथरूण धरलंय. जेवण तुटलंय. डॉक्टरांनी हात टेकले. दुपार झाली की ती एकच विचारते, टॉवेल कुठंय?

ताईने तो कपाटात लपवलाय. मी गेलो होतो तेव्हा मला दाखवला. आता तर कडक उन्हाळा चालू आहे.

टॉवेल ओला आहे. मी बोट लावून जिभेला लावलं... खारट.

काल दुपारी ताईचा फोन आला.

"ऐक," एवढंच म्हणाली आणि फोन खिडकीबाहेर धरला.

त्या गावात समुद्र नाही. नदीसुद्धा नाही.

दोन आखूड. एक लांब. थोडं थांबून पुन्हा तेच... पूर्वी मावशी रुसलेली असली की काकांचा भोंगा वाजायचा, तसाच.

"सकाळपासून चालू आहे," ताई म्हणाली. "आई इथल्या गॅलरीच्या कठड्याकडे बघत पडलीय. हसतेय रे ती." मग तिने हळूच विचारलं. "तूच सांग, घालू का वाळत?"