आतल्या बाजूचा दरजा

गवंडी कामाला निघाला, तेव्हा वहिनीने चहाचा कप त्याच्यासमोर आदळला. अर्धा चहा बशीत, अर्धा फरशीवर.

"जा, पुरा त्यांना," ती म्हणाली. "भावाची वाट बंद करायला कंपनीला सख्खा भाऊच मिळाला!"

खाणीत आग लागली, तेव्हा ती अडवायला त्याचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, आत भिंत घालत होता. आग अडली, थोरला पलीकडेच राहिला. त्याला वर्षं लोटली, खाण बंद पडली, तरी वहिनी घराच्या दाराला कडी म्हणून लावू द्यायची नाही. तो येईल आणि दार बंद पाहून परत जाईल, हे एकच तिच्या डोक्यात. आता खाणीची बाकीची तोंडं बुजली होती. डोंगरातला हा शेवटचा बोगदा तेवढा उरला होता, आणि गवंड्याचं घर ही तोंडं बुजवायच्या कामावर चालत होतं.

चहाच्या टपरीवाल्यानेही त्याला पाहून दूध संपलं म्हणून सांगितलं. मागे पातेलं उतू जात होतं. गवंडी पुढे गेला.

बोगद्याची भिंत काल डोक्याइतकी झाली होती. वर हातभर फट राहिली होती. कंपनीचे साहेब गवंडीकामाच्या लाकडी घोड्यावर चढले आणि फटीतून बॅटरीचा उजेड टाकून आत वाकले.

"मिस्त्री, आतून विटांच्या सांध्यांत दरजा कशाला भरलात? तिकडे कोण बघायला येणार आहे?"

"मी नाही भरला, साहेब."

"मग काय भुताने भरला?" साहेब हसले आणि फोन आला म्हणून गाडीकडे गेले.

गवंडी वर चढला. आतल्या बाजूने विटांचा सांधा न् सांधा भरलेला होता आणि प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक पन्हळ होती, जराशी डावीकडे कललेली. ती पन्हळ त्याने लहानपणापासून पाहिली होती. थोरला दरजा दाबायला घरातल्या चमच्याची वाकडी दांडी वापरायचा. त्या चमच्यावरून वहिनी त्याच्याशी रोज भांडायची. चमचा त्याच्याबरोबरच गेला होता.

त्याने फटीत डोकं घातलं. खरं सांगायचं तर, त्याला आनंदच झाला होता.

"दादा!"

खाली अंधारात काहीतरी खरवडत होतं. ते थांबलं.

"दादा, मी आहे रे! थांब, फोडतो भिंत."

त्याने हातोडी घातली. वरची वीट सुटून बाहेर आली. त्याने ती बाजूला ठेवली, तोच त्या खाचेत आतून दुसरी सरकली. जळून काळी पडलेली. सावकाश, नीट ठोकून बसवल्यासारखी. सांध्यातून विटा जोडायचा ओला माल त्याच्या बोटांवर आला.

माल गरम होता.

मग शेजारी दुसरी काळी वीट बसली. मग तिसरी. हात दिसत नव्हता. फट भरत गेली आणि गवंडी हातोडी धरून नुसता पाहत राहिला.

"वा! संपवलंतसुद्धा?" खालून साहेब म्हणाले.

घरी त्याने वहिनीला सगळं सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं.

"चमच्यानेच ना?"

"हो."

ती हसली. किती वर्षांनी! उठून तिने केस सारखे केले, उंबरा पुसला.

"वहिनी, त्याला यायचं नाहीये. त्यानेच आतून बंद केलं."

"तुमच्यावर राग असेल, भाऊजी. तुम्ही भिंत घातलीत. माझ्यावर कशाला रागावतील?"

बाहेर अजून ऊन होतं. पुढच्या दारापाशी खरवडल्याचा आवाज आला.

"आले!" वहिनी धावली. दार बाहेर उघडणारं, कडी लावलेली नव्हतीच. तिने ढकललं. हललं नाही. तिने खांदा लावला.

"अहो, मी आहे!"

आवाज थांबला.

गवंडी जागचा हलला नाही. पुन्हा खरवडणं सुरू झालं, आता जरा वर. त्याने खाली पाहिलं. दाराखाली उन्हाची रेघ होती आणि ती डावीकडून मिटत चालली होती. मिटलेल्या जागी ओला, काळा माल आत आला होता, आणि त्यावर एक बारीक पन्हळ उमटत पुढे सरकत होती.