सावित्री रडली नव्हती

दार धाडकन ढकलून मी रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरले आणि समोर दिसलेल्या माणसावर कडाडले, "माझ्या सावित्रीची वाक्यं कुणी कापली?"

तो खुर्चीत बसून चहावर फुंकर घालत होता. कानांवरचा हेडफोन त्याने हळूच खाली सरकवला.

"मी नाही," तो म्हणाला. "मी फक्त यम आहे."

इतका खोल आवाज... ऐकतच राहावं असा. त्यामुळे तर मला आणखी राग आला.

वटसावित्रीच्या दिवशी रेडिओवर लागणारी नाटिका मी लिहिली होती. सावित्रीचं कामही मीच करणार होते. आणि हातात पडलेल्या संहितेत सावित्री नुसती हुंदके देत होती! यमाला दया येते, सत्यवान उठून बसतो — संपलं.

"ती रडली नव्हती हो!" मी म्हणाले. "ती यमाच्या मागोमाग चालत गेली — बोलत! असं बोलली की तो खूश होऊन वर देत सुटला. नवऱ्याचे प्राण सोडून काहीही माग, म्हणाला. तिनं सासऱ्याची दृष्टी मागितली, राज्य मागितलं, आणि शेवटी स्वतःला शंभर मुलगे! हा म्हणाला, तथास्तु. आता नवऱ्याशिवाय मुलगे कुठून येणार? अडकला!"

"अडकलो खरा," तो माझ्याकडे बघत गालातल्या गालात हसला.

तेवढ्यात काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला. "मॅडम, लोकांना रडणारीच सावित्री आवडते. चला, सुरू करा."

मी हुंदके दिले. दातओठ खात दिले. आता यमाने म्हणायचं होतं, 'ऊठ बाळे, घेऊन जा तुझा पती.' पण तो बोलेचना. दिग्दर्शक खुणांवर खुणा करत होता. हा मात्र माझ्याकडे रोखून बघत होता.

"रडणारे मी रोज बघतो," तो यमाच्या आवाजात म्हणाला. "तुला काही सांगायचं असेल तर सांग. मी थांबलोय."

हातातली संहिता मी बाजूला ठेवली. आणि मी बोलले... कापलेलं सगळं, एका दमात. आवाज चढत गेला, पण नजर काही त्याच्या डोळ्यांवरून हलेना.

दिग्दर्शकाने आम्हा दोघांनाही हाकललं. आमच्या जागी दुसरे येणार होते.

जिन्यात मी यमावरच उसळले. "कुणी सांगितला होता नसता उद्योग? तुमचंही काम गेलं ना!"

"गेलं तर गेलं. पण एका गोष्टीपायी एवढा राग? खरं सांगा."

मी कठड्याला टेकले. "माझी आई दर वर्षी वडाला दोरा गुंडाळते. हाच नवरा सात जन्म मिळू दे म्हणते. आणि बाबा... मी शाळेत होते तेव्हाच दुसरा संसार थाटून बसले. तिला वाटतं, मुकाट्यानं उपास केले की माणूस परत येतो. मला तिला ऐकवायचं होतं, सावित्री मुकाट नव्हती म्हणून."

आता हा समजूत घालणार, असं मला वाटलं. त्याची तर मूठच आवळली.

"सात जन्म? असल्या माणसाबरोबर? एक पुरे झाला की!"

मला हसू फुटलं... रागातच.

"बरं, सत्यवानाला निवडलं कुणी?" त्याने विचारलं. "तिच्या वडिलांनी?"

"छे! ती स्वतः रथात बसून नवरा शोधायला निघाली होती. त्याचं वर्षभराचंच आयुष्य उरलंय हे कळलं, तरी हटली नाही."

तो एक पायरी खाली उतरला आणि वळला. त्याचे डोळे आता बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होते.

"माझं त्याच्या उलट आहे," तो हळूच म्हणाला. "आयुष्य भरपूर दिसतंय... काम मात्र आजपासून नाही."

"असं आडून आडून काय बोलतोस? नीट विचार ना!"

'तू' कधी निसटलं, मला कळलंच नाही. त्याने मात्र ते नेमकं टिपलं. त्याचे कान लाल झाले.

"तुला... म्हणजे... मी..."

"हो!" मी ओरडले. सगळा जिना घुमला. "आवडलास! आता चल घरी. त्या सात जन्मांवरून आईशी भांडायचंय मला, आणि आज एकटीनं नाही भांडायचं."

त्याचं मनगट धरून मी जिना उतरायला लागले.