तिसऱ्या मात्रेची जागा

लॉंड्रीची सकाळपाळी दोनला सुटली, की धाकटा घरी जायचा नाही. जिना चढून वरच्या चादरींच्या कोठीत जायचा. कोठीला भिंती दिसतच नसत. चारी बाजूंना छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर इस्त्रीच्या घड्या. गरम कापडाचा, थोडा क्लोरीनचा वास. तिथं आवाज मरायचा. टाळी वाजवली तर ती हातातच राहायची. सराव करायला याहून बरी जागा कुठली? घरी शेजारी भिंत ठोकायचे.

बेस गिटार दादाची होती. चार जाड तारांची, खांद्याच्या पट्ट्याला घामाचे डाग पडलेली. दादा गेला त्याला आठ महिने झाले होते. तेराव्या वर्षापासून तो एकाच बँडमध्ये वाजवत आला होता. वहिनीनं गिटार धाकट्याच्या हातात दिली, म्हणाली, कोपऱ्यात उभी असते, माझ्याकडे बघते. घेऊन जा.

बँडचा ड्रमवाला दिवसा बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रीनं धाकट्याला शिकवायचं कबूल केलं ते दादाकडे बघून. पण पहिल्याच दिवशी बजावलं, की नात्यागोत्यावर जागा मिळत नाही. रविवारी चारला सगळ्यांसमोर वाजवायचं. हात जमला तर दादाची जागा तुझी. नाही जमला तर दुसऱ्या बँडचा पोरगा तयार बसलाय, त्याला घेणार.

धाकट्याला ती जागा हवी होती. भावाचं दुसरं काहीच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

मिस्त्रीची शिकवण सोपी होती, म्हणूनच अवघड. फोनमध्ये नुसते ड्रम भरून दिले होते, तेच चार ठोके फिरून फिरून. सोल असो, फंक असो, नाहीतर पोरांचं हिप हॉप, म्हणायचा, सगळ्यांचं मूळ एकच. पहिल्या मात्रेवर पाय रोवून उभं राहायचं. दुसरीच्या मागून हलकेच निसटायचं. आणि तिसरी सोडायची. अजिबात वाजवायची नाही. लोकांच्या कमरा हलतात, त्या रिकाम्या जागेमुळे, तुझ्या सुरांमुळे नाही.

धाकट्याच्यानं सोडवत नसे. रिकामी जागा आली की बोट आपोआप पडायचं.

"तार आहे ती," मिस्त्री म्हणायचा. "चादर नाही, शेवटचा थेंब निघेस्तोवर पिळायला."

गुरुवारी कोठीत त्याला पहिल्यांदा तिसरी मात्रा सोडता आली. सलग दहा फेऱ्या. अकराव्या फेरीला त्या जागेत आवाज आला.

ठप्.

सूर नव्हता त्यात. तार हातानं दाबून धरली आणि बोट मारलं, तर जसा मुका आवाज होतो, तसा. धाकट्याला वाटलं, खाली यंत्र सुरू झालं असेल. त्यानं फोन थांबवला. यंत्रं बंद होती. पुन्हा सुरू केलं. एक, दोनच्या मागचा, आणि... ठप्. बरोब्बर तिथंच. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. त्यानं गिटारीतून अ‍ॅम्पची, आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, वायर काढली. तरी आलाच. मग वाजवणं सोडून त्यानं चारही तारांवर तळवा ठेवला आणि नुसते ड्रम ऐकत बसला. तिसऱ्या मात्रेला तळव्याखाली तार थरथरली, दावणीच्या जनावराचं अंग माशी बसल्यावर थरथरतं तशी.

त्यानं घाईघाईनं ती जागा स्वतः वाजवून भरून टाकली. आवाज थांबला. सोडली, की पुन्हा आला.

त्या संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. सरळ विचारायचा धीर झाला नाही. दादा वाजवताना मध्ये काही करायचा का, असं मोघम विचारलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही तिचा.

"जागा रिकामी दिसली की त्यांना राहवायचं नाही," ती म्हणाली. "बोलण्यातसुद्धा. मी श्वास घ्यायला थांबले, की माझं वाक्य तेच पुरं करायचे." मग हळूच, "का रे?"

"काही नाही," तो म्हणाला.

दोन दिवस तो विचार करत राहिला. जागा भरली तर मिस्त्री नापास करणार. सोडली तर... पण तो दादाच ना, परका थोडाच होता? भावाचं भय कसलं धरायचं? असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. माणूस दुसरं काय करतो?

रविवारी मिस्त्रीच्या गॅरेजात शटर अर्धं वर होतं. उन्हाची पट्टी जमिनीवर आली होती. गाणारी आली होती, ती शाळेत बाई होती, आणि की-बोर्डवाला न्हावी. दोघं टायरांवर बसले. मिस्त्रीनं ठोका धरला.

धाकट्यानं पहिल्या मात्रेवर पाय रोवला. दुसरीच्या मागून निसटला. तिसरी सोडली. ठप्. गाणाऱ्या बाईंनी मान वर केली आणि त्यांचा खांदा हलू लागला. न्हाव्याचा पाय हलू लागला. आठ महिन्यांत त्या गॅरेजात असं काही झालं नव्हतं.

मिस्त्रीनं डोळे मिटले.

"आता अजून सोड," तो म्हणाला. "नुसती पहिली ठेव."

धाकट्यानं दुसरीच्या मागचा सूर सोडला. तो त्याच्याशिवाय वाजला. या खेपेला मुका नाही, चांगला गोल, भरलेला सूर. चौथ्या मात्रेला वरच्या पट्टीत एक छोटीशी गिरकी आली. ती त्याला कुणी शिकवली नव्हती; दादा ती करंगळीनं घ्यायचा. त्यानं पहिली मात्राही सोडली. दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

गिटार वाजतच राहिली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. बाई जमिनीकडे बघत हसत होत्या, मिस्त्रीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. शेवटी मिस्त्रीनं झांज हातानं धरली आणि सगळं थांबलं.

"आलं बघ हातात," तो म्हणाला. "जागा तुझी. मंगळवारी पाचला ये."

बाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. न्हावी म्हणाला, त्याचा भाऊ शोभतोस खरा. धाकट्यानं मान डोलावली, गिटार पिशवीत घातली आणि बस पकडली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला डावा हात जड वाटला. त्यानं तो उन्हात धरला. तारा दाबून पहिल्या तीन बोटांना रोजचे वळ पडले होते. करंगळी वापरायला तो अजून शिकलाच नव्हता. तिच्या टोकावर जाड तारेचा खोल, ताजा चर होता. कातडी फुटून आत लाल दिसत होतं.

दुखत मात्र नव्हतं. त्यानं करंगळी चिमटून पाहिली. नखानं जोरात दाबली. मग हात उलटा करून मांडीवर ठेवला, आणि आपला थांबा येईपर्यंत तो त्या हाताकडे न बघता बसून राहिला.